अकरा दिवसांचे कोडे

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत नंदाखालच्या मुलामुलींसाठी मी एक प्रश्नमंजूषा घेतली. 'युरोपचा इतिहास, कला आणि प्रवास' हा विषय मुलांनीच सुचविला होता. सामान्यज्ञानाची पुस्तके त्यांनी इतकी घोटली होती की माझा प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर येई. मोनालिसाचे चित्र कोठे आहे? पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात. सिस्टाइन चॅपेलचे छत कोणी रंगविले? मायकेलअँजेलोने. मार्को पोलो कोणत्या नगरीचा? व्हेनिसचा. मागच्या बाकांवर बसलेले पालक कौतुकाने माना डोलवीत होते. आनंद मलाही होत होता. पण त्या आनंदात थोडी रुखरुख होती. पॅरिस आणि रोम यांच्या रस्त्यांवरून ही मुले डोळे मिटून चालू शकत होती. वसईच्या किल्ल्यातील भग्न मंदिरांपैकी चारांची नावे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना सांगता आली असती.

म्हणून शेवटची फेरी मी निराळी योजिली होती. प्रश्न युरोपचेच, परंतु उत्तराच्या शोधात निघालेला मुलगा अखेर आपल्या वसईत येऊन पोहोचावा, अशी त्यांची रचना होती.

पहिला प्रश्न कलेचा होता. इटलीतील मिलान शहरात ब्रेरा नावाचे विख्यात चित्रसंग्रहालय आहे. तेथे तान्झिओ दा व्हाराल्लो या चित्रकाराचे, क्रुसावर खिळलेल्या फ्रान्सिस्कन संन्याशांचे एक चित्र आहे. लोरेन प्रांतातील जाक कालो या कोरीवचित्रकारानेही १६२७ च्या सुमारास हाच प्रसंग कोरला. त्याच्या चित्रात तेवीस क्रूस उभे आहेत. हा प्रसंग कोणत्या देशातला, आणि त्या हुतात्म्यांचा आपल्याशी संबंध काय? देश जपान, हे दोघातिघांनी सांगितले. दुसऱ्या भागाला मात्र सभागृह क्षणभर शांत राहिले, आणि मग मागच्या बाकावरून एका आजीबाईंनीच उत्तर दिले : "आपला गोन्सालो!" वसईत जन्मलेले, येथील येशूसंघीयांच्या शाळेत शिकलेले, जपानात व्यापार केलेले आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झालेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर हुतात्मा झाले. त्यांच्यासह एकूण सव्वीस जणांनी तेथे प्राण दिले. त्यांपैकी तेवीस जण फ्रान्सिस्कन परिवारातील होते. १६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले, तेव्हा युरोपातील चित्रकारांनी कुंचले आणि कोरणी उचलली. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. मिलानच्या भिंतीवरील त्या चित्राकडे पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की त्या संन्याशांमधील एकाची आई वसईची होती?

दुसरा प्रश्न प्रवासाचा. शिडाची जहाजे, बैलगाड्या आणि पालख्या यांच्या आधारे एका इटालियन वकिलाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जगप्रदक्षिणा केली आणि तिचा वृत्तांत सहा खंडांत प्रसिद्ध केला. तो कोण, आणि आपल्या भागात तो कोणत्या साली आला? त्याचे नाव जेमेल्ली कारेरी. १६९३ मध्ये तो नेपल्सहून निघाला आणि १६९५ मध्ये वसईला पोहोचला. कान्हेरीच्या लेण्यांचे त्याने सविस्तर वर्णन केले आहे. वसईच्या बाहेर सुमारे पंधरा मैलांपर्यंत पसरलेल्या बागा पाहून तो हरखून गेला. नारळी-पोफळीसारखी झाडे, आंबे, उसाचे मळे आणि सतत वाहते ठेवलेले पाणी यांचे त्याचे वर्णन वाचताना आपल्या वाडीतील पाटाच्या पाण्याची खळखळ ऐकू आल्यावाचून राहत नाही. त्याच्याही शंभर-सव्वाशे वर्षे आधी, १५८३ मध्ये, राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी होर्मुझ येथे पोर्तुगिजांचा कैदी होऊन गोव्याकडे जाताना वसई आणि ठाणे ओलांडून गेला होता. गोव्यात त्याची सुटका व्हावी म्हणून धडपडणाऱ्यांत एक इंग्रज येशूसंघीय होते. ते म्हणजे आपले फादर स्टीफन्स, पुढे मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचणारे.

तिसरा प्रश्न राजघराण्यांचा. युरोपातील कोणत्या विवाहामुळे वसईचे एक उपनगर म्हणावे असे बेट इंग्रजांच्या हाती गेले? हे मुलांना येत होते. १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालची राजकन्या ब्रगांझाची कॅथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली गेली आणि तिच्याबरोबर आंदण म्हणून मुंबई. तोवर मुंबई वसईच्या अमलाखाली होती. १६६५ मध्ये तिचा प्रत्यक्ष ताबा इंग्रजांना मिळाला. वसई आणि साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. म्हणजे माहीमच्या खाडीच्या एका काठावर लंडनचा राजा आणि दुसऱ्या काठावर लिस्बनचा. वाचकहो, ही खाडी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

चौथा आणि शेवटचा प्रश्न मला सर्वांत सोपा वाटला होता. वसईच्या किल्ल्यातील पोर्तुगिजांनी चिमाजी अप्पांपुढे शरणागती कधी पत्करली? दोन गट समसमान गुणांवर होते. नववीतील एका मुलीने हात वर केला आणि स्पष्ट आवाजात सांगितले, "५ मे १७३९."

माझ्या हातातील कागदावर १६ मे होते. मी उत्तर चूक ठरविले. ती म्हणाली, "फादर, मी पुस्तकात वाचलंय. पाच मेच आहे." मी हसून म्हणालो, "बाळा, पुस्तकातही छपाईच्या चुका असतात." सभागृहही हसले. प्रश्न दुसऱ्या गटाकडे गेला. त्यांनी वर्ष सांगितले, महिना सांगितला आणि तारखेच्या जागी अंदाजाने 'सोळा' ठोकून दिले. ढाल त्यांना मिळाली. मुलगी काही न बोलता जागेवर बसली.

त्या रात्री मला तिचा तो चेहरा आठवत राहिला. सकाळी मी दोन ग्रंथ शेजारी शेजारी उघडले. एक पोर्तुगीज साधनांवर आधारलेला, दुसरा मराठ्यांच्या इतिहासावरचा. पहिल्यात शरणागती १६ मे रोजी आणि किल्ला रिकामा केल्याचा दिवस २३ मे. दुसऱ्यात शरणागती ५ मे रोजी आणि किल्ला ताब्यात आल्याचा दिवस १२ मे. दोन्ही ठिकाणी फरक अकरा दिवसांचा. छपाईची चूक एकदा होईल. ती दोनदा, नेमक्या त्याच मापाने होत नाही. आणि तेव्हा मला जे आठवले त्याने मी ओशाळलो. सेमिनरीत ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला हा विषय मी शिकलो होतो, परीक्षेत त्यावर लिहून चांगले गुणही मिळविले होते.

गोष्ट अशी आहे. ज्यूलियस सीझरने घालून दिलेल्या पंचांगात वर्ष ३६५ दिवस आणि सहा तासांचे धरले होते. प्रत्यक्ष सौरवर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटे ती काय! परंतु शतकानुशतके साचत गेलेल्या मिनिटांचे दिवस झाले. इ. स. ३२५ च्या नायसिया धर्मपरिषदेच्या काळी वसंतसंपात २१ मार्चला येत असे. सोळाव्या शतकात तो ११ मार्चपर्यंत मागे सरकला. ईस्टरचा सण वसंतसंपात आणि पौर्णिमा यांवरून ठरतो. संपात सरकला की सण सरकतो, आणि ईस्टरवर अवलंबून असलेले सारे सण त्याच्या मागून सरकतात. म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. कलाब्रियाचे वैद्य लिलियस यांनी मांडलेली योजना आणि येशूसंघीय गणिती क्लाव्हियस यांचे परिश्रम यांतून नवे पंचांग सिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १५८२ च्या आज्ञापत्रान्वये ठरले की, ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर येणारा शुक्रवार १५ ऑक्टोबरचा मानावा. आविलाची संत तेरेसा याच ४ ऑक्टोबरच्या रात्री निवर्तली, आणि दुसऱ्या दिवशी तिचा दफनविधी झाला तेव्हा तारीख होती १५ ऑक्टोबर! तिचा सण आपण त्याच तारखेला पाळतो. पुढे अशी चूक साचू नये म्हणून शतकाच्या अखेरच्या वर्षांपैकी ज्यांना चारशेने पूर्ण भाग जातो तेवढीच वर्षे लीप धरावयाची, असेही ठरले.

पोर्तुगाल, स्पेन आणि इटलीतील बहुतेक राज्ये यांनी हे पंचांग लगेच स्वीकारले. मागाहून आपल्याकडील पोर्तुगीज मुलखातही ते आले. इंग्लंडने मात्र, पोपकडून आले म्हणून, ते दूर ठेवले आणि १७५२ पर्यंत जुनेच पंचांग चालविले. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. प्रश्नमंजूषांतील एक लाडका प्रश्न येथेच फसवा ठरतो. शेक्सपियर आणि सर्व्हान्टिस दोघांच्याही मृत्यूची तारीख २३ एप्रिल १६१६ सांगितली जाते. तारीख एक, परंतु दिवस एक नव्हे. इंग्लंडचा २३ एप्रिल स्पेनच्या २३ एप्रिलनंतर दहा दिवसांनी आला. (त्याच १६१६ साली राचोल येथे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले.) जुन्या गणनेत १७०० हे लीप वर्ष होते, नव्या गणनेत नव्हते; म्हणून दहा दिवसांचे अंतर त्या वर्षापासून अकरा झाले.

आता आपण माहीमच्या खाडीवर परत येऊ. १७३९ च्या आधी वांद्र्याच्या काठावर उभा असलेला माणूस पोर्तुगीज मुलखात, म्हणजे नव्या पंचांगात होता. होडीत बसून तो माहीमला उतरला की इंग्रजांच्या जुन्या पंचांगात, म्हणजे अकरा दिवस मागे जाई. वसईचा किल्ला सोडून २३ मेला निघालेले एखादे कुटुंब त्याच दिवशी मुंबईला पोहोचले असते, तर तेथे त्यांना १२ मे आढळला असता. पुढे मराठ्यांच्या इतिहासाच्या काही नामवंत अभ्यासकांनी तिथींचे रूपांतर करताना, त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांशी मेळ बसावा म्हणून, १७५२ पूर्वीच्या घटनांसाठी इंग्रजांची जुनी गणना वापरली. पोर्तुगीज साधनांवरून लिहिणाऱ्यांनी साहजिकच नवी वापरली. दोन ग्रंथ, दोन तारखा, आणि दोन्ही खऱ्या. त्या मुलीचे उत्तर बरोबर होते. माझेही बरोबर होते. चूक होता तो माझा निवाडा.

आणि विजयी सेनेची तारीख तर या दोहोंपैकी एकही नव्हती. चिमाजी अप्पांच्या छावणीत तो शके १६६१ च्या वैशाखाचा शुक्ल पक्ष होता. एकाच सूर्योदयाला तीन नावे होती. सर्वांचे एकमत होते ते केवळ वारावर. पंचांग बदलले तरी सात दिवसांचे चक्र कोणी मोडले नाही. हिशेब केला तर तो दिवस शनिवार येतो.

शनिवार म्हटल्यावर माझ्यातील धर्मगुरूला राहवले नाही. दुसऱ्या दिवशीचा रविवार कोणता असेल? ईस्टरची तारीख काढण्याचे गणित मी पुन्हा एकदा मांडले. १७३९ साली नव्या पंचांगाप्रमाणे ईस्टर २९ मार्चला येतो. त्यापुढे एकोणपन्नास दिवस मोजले, आणि लेखणी थांबली. १७ मे १७३९ हा पेन्टेकॉस्टचा रविवार होता. पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण! ज्या दिवशी वसईच्या किल्ल्यात पोर्तुगिजांनी शरणागती दिली, तो त्या सणाच्या आदला दिवस होता. वाचकहो, नंदाखालचे आपले मंदिर पवित्र आत्म्याच्या नावाचे आहे, आणि त्याचा इतिहास सोळाव्या शतकापर्यंत मागे जातो. म्हणजे दोनशे वर्षांची सत्ता ज्या सायंकाळी मावळली, ती या गावाच्या आश्रयदात्याच्या सणाची पूर्वसंध्या होती. हे मला कोणत्याही प्रश्नसंचात सापडले नसते. एका मुलीच्या 'चुकलेल्या' उत्तराने ते माझ्या पदरात घातले.

या योगायोगातून दैवी संकेत काढण्याचा मोह मी टाळतो. इतिहासाच्या तारखांतून भविष्य वाचणे हे धर्मगुरूचे काम नव्हे. परंतु त्या दिवसानंतर काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे.

२३ डिसेंबर १५३४ रोजी, 'सांव मातेउश' नावाच्या जहाजावर झालेल्या तहान्वये, गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगिजांना दिली होती. तेथून सुरू झालेला कालखंड १७३९ च्या मे महिन्यात संपला. शरणागतीच्या अटी उदार होत्या. किल्ल्यातील शिबंदीला ठरावीक मुदतीत आपल्या कुटुंबांसह आणि शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू दिले गेले. लिस्बनचे राज्य गेले, पोर्तुगीज सरदार गेले, युरोपीय संन्यासी गेले. राहिले कोण? वाडीत पाणी फिरविणारा, समुद्रात जाळे टाकणारा, ताडावर चढणारा आपला पूर्वज राहिला. तो कोठे जाणार? त्याची जमीन येथे, बोली येथे, आणि आता त्याची श्रद्धाही येथलीच झाली होती. युरोपातून आलेला धर्म युरोपबरोबर निघून जाईल, असे त्या वेळी कोणाला वाटले असल्यास ते खोटे ठरले. गोव्याच्या देशी धर्मगुरूंनी धर्मग्रामांची धुरा वाहिली. पुढे झेंद अवेस्ताचे फ्रेंच भाषांतर करून कीर्ती मिळविणारा आंकतिल-द्युपेराँ हा प्रवासी १७६० मध्ये साष्टीत फिरला. मराठ्यांच्या अमलाखाली ठाण्यास ख्रिस्ती लोक उघडपणे, मोठ्या थाटाने सण साजरा करीत असल्याचे त्याने पाहिले. मराठा राज्य आणि ख्रिस्ती प्रजा यांच्या संबंधांविषयी बोलताना दोन्ही बाजूंनी आवाज चढविण्याआधी हा साक्षीदार आठवावा.

मंदिरांच्या घंटांची कथाही अशीच आहे. वसईच्या विजयानंतर नेलेल्या मानल्या जाणाऱ्या घंटा आजही महाराष्ट्रात नांदत आहेत. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल आहे, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९, आणि वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे. मेणवलीला मी गेलो होतो तेव्हा एक वृद्ध गृहस्थ नातवाला त्या घंटेखाली उभे करून वर बोट दाखवीत होते. मुलाने विचारले, "आजोबा, ही कोण?" ते म्हणाले, "आई आहे कुणाची तरी, नमस्कार कर." मुलाने हात जोडले. घंटा गेल्याचे दुःख मला आहे, हे मी लपवीत नाही. ती युद्धातली लूट होती आणि ज्यांच्या मंदिरातून ती उतरली त्यांचे डोळे ओलावले असणार. परंतु ती वितळवून कोणी तोफ ओतली नाही, आणि तिच्यावरील मातेची आकृती कोणी खरवडली नाही. इतिहासाचे हेही एक उत्तर आहे, आणि ते एका शब्दात मावत नाही.

प्रश्नमंजूषा वाईट नव्हे. तिने जिज्ञासा जागी होते, स्मरणशक्तीला धार येते. परंतु तिची एक सवय घातक आहे : प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असते आणि ते परीक्षकाच्या कागदावर असते, असा समज ती मनात रुजविते. आपल्यासारख्या समाजाला तर हा समज विशेष महाग पडतो. आपल्या घराण्यांची नावे पोर्तुगीज आणि बोली मराठी. आपला संत मिलानच्या चित्रात आणि आपली घंटा कृष्णेच्या घाटावर. आम्ही कोणाचे, असा प्रश्न कोणी केला आणि उत्तर एका शब्दात मागितले, तर आपण घाईने एक तारीख सांगून दुसरी खोडू नये.

पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर सूचना वाचताना मी वेदीजवळून जाहीर सांगितले की प्रश्नमंजूषेतील तो निर्णय माझ्या अज्ञानामुळे चुकीचा झाला होता, दोन्ही गट विजयी होते, आणि 'पुस्तकात चूक असते' असे म्हणून मी एका विद्यार्थिनीचा अवमान केला होता. दुसरी ढाल बोरिवलीहून मागवून घेतली. ती देताना मी त्या मुलीला पंचांगाची सारी हकीकत सांगितली. तिने लक्षपूर्वक ऐकले आणि मग विचारले, "पण फादर, त्या दिवशी नंदाखालच्या माणसांनी कोणती तारीख धरली असेल? पाच की सोळा?"

मी विचारात पडलो. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पाद्रीबाबा नवी तारीख लिहीत. बाजारातला व्यवहार तिथीने चाले. होडी हाकणारा चंद्राची कला पाहून उधाण आणि भांग ठरवी. किल्ल्याबाहेरचा मुलूख बव्हंशी आधीच मराठ्यांकडे आला होता, तेव्हा छावणीतला वैशाखही लोकांच्या कानी असणार. त्यांना या सर्व गणना थोड्या थोड्या ठाऊक असतील आणि त्यांतली कोणतीही परकी वाटत नसेल.

"तारखेचे सांगता येत नाही, बाळा," मी म्हणालो, "पण उद्या आपला सण आहे, एवढे त्यांना नक्की ठाऊक असेल."